महादू तात्यांचे लाल ठिपके

पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं मला फसवलं, आणि मी आमच्या महादू तात्यांना फसवलं. पहिल्या फसवणुकीच्या कागदाची प्रत माझ्या कपाटात आहे. दुसरीचा कागद नाही, पण नऊ साक्षीदार आहेत आणि ते सगळे माझ्याच दुकानात काम करतात.

हे लिहू नका, असं घरातून सांगणं होतं. "दिवाळीच्या अंकात माणसं चांगलं लिहितात," असं बायको म्हणाली. मी म्हटलं, मला चांगलं लिहायला सांगितलेलं नाही, धंद्यातलं लिहायला सांगितलंय.

माझा धंदा ठिबक सिंचनाचं साहित्य विकण्याचा आणि बसवून देण्याचा. मोठं दुकान बारामतीत, दुसरं लासुर्ण्यात. सुरुवात पणदऱ्याच्या शिवारात पाइपलाइनचे चर खणण्यापासून झाली. चर खणताना पाइप जोडायला शिकलो, जोडताना कुठला पाइप किती टिकतो ते कळलं आणि मग विकायला लागलो. भाव करायला मला कुणी शिकवलं नाही. रोजानं खणणाऱ्या माणसाला हातभर जास्त खणून घेणारे मालक भेटतात, तेच त्याचे मास्तर. आजही कुणी मला पहिल्या भावात काही विकून गेलं तर त्या रात्रीचं जेवण गोड लागत नाही. राग लवकर येतो, हेही सांगून टाकतो. पुढं ते लागणार आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ठिबक म्हणजे झाडाच्या बुडाशी नळी टाकली की संपलं. विकणं एका दिवसाचं असतं, निस्तरणं दहा वर्षांचं. नळीत क्षार साठतात, फिल्टर तुंबतो, उंदीर नळ्या कुरतडतात. मग शेतकऱ्याचा फोन येतो, "पाणी येत नाही." तिथं जाऊन पाणी आणून देतो तो फिटर. दुकान चालतं ते त्याच्या जिवावर. मालाला सगळीकडे भाव सारखाच.

आमच्या भागातली एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं प्रकरण तिच्यावर फिरलं. इंदापूर तालुक्यात नीरा नदीच्या काठाला गेलात तर एका ओळीत पाणी उपसायच्या मोटारी दिसतील. त्यांचं पाणी ज्या रानांत जातं ती रानं तिथं नसतात. दोन-तीन किलोमीटर लांब, वर माळावर असतात. मधे पुरलेली पाइपलाइन. ती कुणाच्या उसाखालून जाते, कुणाच्या गोठ्यामागून, कुठं रस्त्याच्या मोरीतून. रानात पाणी येत नाही अशी तक्रार असते, पण दुखणं रानात क्वचितच असतं. ते नदीवर असतं, नाहीतर मधल्या वाटेवर कुठंतरी.

महादू तात्या हे ओळखण्यात आमच्याकडचे पहिले. ते निरवांगीचे. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. लहानपणी कळपामागं जे शिवार पायी तुडवलं, मोठेपणी त्याच शिवारात त्यांनी माझ्यासाठी पाइप पुरले. दुकानावर पत्रे होते तेव्हापासून ते माझ्याबरोबर. त्यांची पद्धत ठरलेली. तक्रार रानाची असली तरी आधी पाण्यावर जायचं. मोटर चालू करायची, पाइपावर तळहात ठेवायचा. मग चपला हातात घेऊन लाइनीवरनं चालत सुटायचं. पायाला गारवा लागला की थांबायचं. एक लोखंडी सळई जमिनीत रोवायची, तिला कान लावायचा आणि म्हणायचं, "हितं हाय. खणा." खणल्यावर तिथंच असायचं. चर खणणारा माणूस आहे मी, मला त्याची किंमत कळायला हवी होती.

आता मोबाइलकडं येतो.

आमच्याकडं तक्रारी लांबड्या वहीत लिहिल्या जायच्या. वही वैशालीकडं. ही लासुर्ण्याची मुलगी, दुकानाचा फोन, बिलं, टपाल सगळं बघते आणि मला उलट बोलणारी दुकानात ती एकटीच. ती फिटरला फोन करून सांगायची, फिटर जाऊन यायचा, संध्याकाळी वहीत बरोबरची खूण व्हायची. कधी दोन तक्रारी एकमेकीत मिसळायच्या, कधी फिटर पोचायचाच नाही. एका आठवड्यात दोन मोठ्या बागायतदारांनी "तुमची माणसं थापा मारतात" असं मला भर बाजारात सुनावलं. त्याच सुमाराला पुण्याला विक्रेत्यांच्या मेळाव्यात गेलो. तिथं एका पडद्यावर कुणाचेतरी कामगार ठिपक्यांच्या रूपात नकाशावर फिरताना दाखवले. काम झालं की ठिपका हिरवा, नाही झालं की लाल. मालक बारामतीत खुर्चीत बसून माणसं कुठं आहेत ते बघणार. मला त्याची भुरळ पडली. कामाला सोपं जाईल म्हणून मी ते घेतलं असं लोकांना सांगत होतो. खरं म्हणजे मला पाळत ठेवायची होती.

कंपनीचे व्यवस्थापक दुकानात आले. तिशीचे, गोड बोलणारे. त्यांनी छापील पानं पुढं ठेवली.

"सर, ही आमची बेस्ट प्राइस आहे."

"मग तुमची दुसरी प्राइस काढा," मी म्हणालो. "मी बेस्ट घ्यायला बसलेलो नाही."

ते हसले. मी वैशालीला दुसरा चहा सांगितला. माझ्या दुकानात दुसरा चहा सांगितला की तो भाव ठरेपर्यंत येत नाही, हे वैशालीला माहीत आहे. पाहुणा चहाची वाट बघतो, उठता येत नाही, आणि मधल्या वेळात भाव उतरतो. तासाभरानं व्यवस्थापक म्हणाले, "सर, आता कमी करायचं म्हणजे काम कमी करावं लागेल." मी पेन्सिल घेतली, पानं उलटली आणि कामाचं नाही असं जे वाटलं ते कापलं. भाव उतरला. चहा आला. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पुढं एका सोमवारी दुकानात नारळ फोडला, पेढे वाटले आणि नऊ फिटरांच्या हातात नवे फोन दिले. कंपनीचा एक प्रशिक्षक आला होता. तक्रार कशी दिसते, पोचल्यावर कुठलं बटण दाबायचं, काम झाल्यावर फोटो कसा काढायचा, हे त्यानं पाऊण तासात सांगितलं. जागेवर उभं राहून बटण दाबलं तरच भेट धरली जाणार. जागा आधीच भरलेल्या होत्या. अनुदानाच्या फायलींमधून प्रत्येक शेतकऱ्याच्या रानाचा गट नंबर घेऊन त्या पुण्यात बसून भरल्या होत्या. मला ती फार हुशारी वाटली.

"काही शंका?" प्रशिक्षकानं विचारलं.

माझ्या दुकानात मी असताना शंका विचारायची पद्धत नव्हती. तात्या मागं पोत्यांच्या थप्पीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "साहेब, भेट म्हंजी रानात गेल्याली धरायची का पान्यावर गेल्याली?"

प्रशिक्षकाला प्रश्न कळला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"तात्या, नंतर," मी म्हणालो. पेढे वाटायचे राहिले होते.

ते 'नंतर' कधी आलं नाही.

पहिला महिना मी फार खुशीत होतो. जेवतानाही फोन ताटाशेजारी. दत्ता नावाचा आमचा एक चलाख फिटर आहे, दोन लेकरांचा बाप. त्याचे ठिपके सगळे हिरवे. बाकीच्यांचे हळूहळू हिरवे झाले. तात्यांचे मात्र लाल. सकाळी निघायचे, संध्याकाळी यायचे आणि मधल्या दिवसभरात फोन म्हणायचा, 'ठिकाणी पोचले नाहीत.' कधी नदीकाठी दोन तास, कधी भलत्याच उसात एक तास. ज्या रानाची तक्रार तिथं दिवस मावळताना पाच मिनिटं, नाहीतर तेवढीही नाही.

मला विचारायला काय झालं होतं? एक फोन केला असता तर कळलं असतं. पण पडद्यावर दिसतंय म्हटल्यावर विचारायची गरज वाटेनाशी होते. हा त्या यंत्राचा दोष नाही, माझ्या स्वभावाचा आहे. यंत्रानं फक्त त्याला बसायला पाट दिला.

एका सकाळी सगळे फिटर दुकानात सामान भरत होते. मी तात्यांना पुढं बोलावलं आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

"हे काय आहे तात्या? नदीवर दोन तास काय मासं धरत होता?"

"लायन बगत व्हतो."

"तक्रार रानाची, तुम्ही नदीवर. मी खुळा आहे का?"

"आण्णा, आमी आदीपासनं आसंच करतू. तुमाला ठावं हाय."

इथं मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "आधीपासून मला फसवताय असं म्हणा की मग. इतकी वर्षं वहीत बरोबरच्या खुणा, आणि पगार मी देतोय तुमच्या फिरण्याचा." आणखीही बोललो. एकेरीवर आलो. वडिलांच्या वयाच्या जवळपासचा माणूस, आणि मी त्याच्या मेंढरांवर गेलो. ते शब्द इथं लिहीत नाही.

वैशाली धरून नऊ माणसं होती. कुणी वर बघितलं नाही. वैशालीनं मात्र हातातला कागदाला भोकं पाडायचा पंच टेबलावर आपटला.

तात्यांनी फोन काउंटरवर ठेवला. त्याच्याशेजारी दुकानाच्या मोटारसायकलीची किल्ली ठेवली. सळई त्यांची स्वतःची, ती घेतली.

"मी कुठं व्हतो त्ये ह्यो सांगतूय," ते फोनकडं बोट करून म्हणाले. "काय करत व्हतो त्ये कोन सांगनार?"

आणि एस.टी. स्टँडकडं चालत गेले.

मी दोन दिवस वाट बघितली. तात्या येतील, हात जोडतील, आपण मोठ्या मनानं परत घेऊ, असा माझा हिशेब होता. भाव करणाऱ्याला वाटतं, समोरचा उठून गेला की तोही भावाचाच एक भाग आहे. तात्या आले नाहीत.

उन्हाळा लागला. निरवांगीच्या शेवंताकाकूंची डाळिंबाची बाग आमची जुनी. काकू साठीच्या पुढच्या, बाग स्वतः बघतात. मुलगा पुण्याला नोकरीला. औषधाचा पंप सोडून सगळं स्वतः करतात आणि गिऱ्हाईक म्हणून फार कटकटी. नळीचं वेटोळं घेतलं तर मापून घेणार, आणि त्यावर एक जोडणी फुकट घेणार. मला त्या आवडतात. त्यांची मोटर नदीवर, बाग वर माळावर. बहार धरलेला, फळं चांगली लिंबापेक्षा मोठी झालेली. त्यांनी तक्रार केली की पाणी कधी येतं, कधी येत नाही. डाळिंबाला असं चालत नाही. तहानलेल्या झाडाला एकदम पाणी मिळालं की फळ तडकतं.

पडद्यावर त्यांच्या नावापुढं तीन भेटी, तिन्ही हिरव्या.

एका दुपारी काकू दुकानात आल्या. पिशवीतून तडकलेली डाळिंबं काढून त्यांनी माझ्या टेबलावर एकेक मांडली. रस कागदांवर गेला.

"ह्ये तुमचं हिरवं," त्या म्हणाल्या.

"काकू, तीनदा माणूस आला होता तुमच्याकडं."

"आला हुता की. रानात हुबा ऱ्हायला, नळीचं तोंड उगाडलं, फोटू काडला, गेला. मी म्हनलं, आरं नदीवर जा, वाटंत बग. तर म्हनतो, काकू, तितं ठिपका पडत न्हाय."

वैशाली तिकडून म्हणाली, "आण्णा, हितं हिरवं दिसतंय म्हनून तितं पानी येतं व्हय?"

त्या तिन्ही भेटी दत्ताच्या. मी त्याला गाडीत घातलं आणि निरवांगीला गेलो.  बांधावर बसून दत्तानं सगळं सांगितलं. नदीवर गेलं की फोन भेट धरत नाही. नदी, मधली लाइन आणि रान असं सगळं फिरायचं तर अर्धा दिवस जातो. तोवर पुढच्या तीन तक्रारी उशिराच्या लाल खुणेत जातात. म्हणून सगळ्यांनी एक रीत पाडली. रानात जायचं, नळ्यांची तोंडं उघडून घाण काढायची, पाणी वाहतानाचा फोटो काढायचा, निघायचं. दोन दिवस पाणी बरं येतं. मग पुन्हा तक्रार, पुन्हा भेट, पुन्हा हिरवा ठिपका.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कवा?" दत्ता म्हणाला. "आन सांगितलं आसतं तर मलाबी तात्यांच्या जागंला हुबं केलं आसतं."

मी हात उगारला नाही, पण उगारावासा वाटला. कुणावर ते नीट कळलं नाही.

लाइनीत दोष होता हे उघड होतं. लाइन कुठून जाते ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. ती तात्यांनी टाकलेली. मधल्या दीड किलोमीटरभर आता दुसऱ्यांचा ऊस उभा. दत्ता नि मी पाचटात तासभर हिंडलो, हातपाय कापून घेतले. काकू बांधावरून म्हणाल्या, "तुमच्या फोनला इचारा की."

शेवटी तात्यांच्या वस्तीवर गेलो. ते शेळ्यांच्या कुंपणाला तार ओढत होते. मला बघून त्यांनी पक्कड खाली ठेवली नाही. त्यांच्या सुनेनं पाणी आणून दिलं.

मी नेहमीच्या सवयीनं सुरुवात केली. पगार वाढवतो, लासुर्ण्याचं दुकान तुमच्याकडं देतो, मोटारसायकल नवी घेऊ. एकेक वाढवत गेलो. तात्या तार ओढत राहिले. समोरचा मागतच नसेल तर भाव कुणाशी करायचा?

"आण्णा," ते शेवटी म्हणाले, "काकूची फळं कितपत तडकल्याती?"

"निम्मी गेली असतील."

त्यांनी पक्कड सुनेकडं दिली आणि सळई उचलली. "पानी आत्ता बगू. तुमचं मागनं. आन तुमचं हितं न्हाय बोलायचं. जितं बोललासा तितं बोलायचं."

नदीवर मोटर चालू केली, पाइपावर तळहात ठेवला, चपला काढल्या. मी मागं, दत्ता माझ्या मागं. तापलेल्या जमिनीवर मी दहा पावलांत चपला पुन्हा घातल्या. तात्या चालत राहिले. दोनदा थांबून कान लावला, दोनदा मान हलवली. तिसऱ्यांदा उसाच्या एका सरीत ते बसले. लाइनीतली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तिथं होता. त्याच्यावरची चौकट कुणाच्यातरी ट्रॅक्टरनं मोडली होती आणि आत मातीचा गोळा बसला होता. हवा अडली की पाणी अडतं. मोटर किती का जोरात असेना. अर्ध्या तासाचं काम. वर माळावरून काकूंच्या गड्याची पाणी आल्याची हाक आली तेव्हा मी घड्याळ बघितलं. जे आम्हाला तीन हिरव्या भेटींत जमलं नव्हतं ते एका लाल भेटीत झालं होतं.

पुढच्या सोमवारी तात्या धुतलेले कपडे घालून दुकानात आले आणि त्या दिवशी उभे होते तिथंच उभे राहिले. नऊ माणसं होती, काकूही मुद्दाम आल्या होत्या. मी म्हणालो, "तात्या खोटं वागले नव्हते. मी न बघता बोललो, आणि जे बोललो ते बोलायचं नव्हतं." एवढं म्हणायला मला आयुष्यातल्या कुठल्याही सौद्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"बास," तात्या म्हणाले. "काकूच्या लायनीला नवा वॉल लागंल. त्यो काडा."

"आन त्यो फुकट," काकू म्हणाल्या.

त्या रविवारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून आम्ही सगळे सतरंजीवर बसलो. मी पहिल्यांदा गप्प बसायचं ठरवलं होतं. वैशालीला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. फिटर बोलायला लागले तेव्हा मला लाज वाटायला लागली, कारण त्यातली एकही गोष्ट अवघड नव्हती. प्रत्येक शेतकऱ्याच्या दोन जागा हव्यात, पाण्याची आणि रानाची, आणि मधल्या लाइनीच्या खुणा. उन्हात पडदा दिसत नाही, अक्षर मोठं हवं. हाताला पाइप चिकटवायचं सोल्युशन लागलेलं असताना बोटानं फोन चालत नाही, तर बोलून नोंद करता यावी. उसात रेंज नसते, तर नोंद फोनमध्ये राहून नंतर जावी. गट नंबर कुणाला पाठ नसतात. रानांना नावं आहेत, लिंबाचा कोपरा, जुनी मोट, ती घाला. आणि तात्यांचं एक, जे मी अजून लोकांना सांगतो. काम झालं हे फिटरनं ठरवायचं नाही. दोन दिवस पाणी बघून शेतकऱ्यानं ठरवायचं. हिरवं करणारं बोट त्याचं.

दत्ता म्हणाला, "मंग आमी मेलोच. काकू जन्मात हिरवं करायच्या न्हाईत."

सगळे हसले. तात्या पण.

वैशालीनं हे सगळं पाच पानांत लिहिलं. ती पानं घेऊन मी तिच्यासह पुण्याला कंपनीच्या कार्यालयात गेलो. व्यवस्थापकांनी पानं चाळली आणि म्हणाले, "सर, पॉइंट्स उत्तम आहेत. पण हे सगळं सुरुवातीला यायला हवं होतं. आता बदल म्हणजे नवीन काम."

"सुरुवातीला माझ्या माणसांना कुणी विचारलं?"

त्यांनी माझ्या नावाची फाइल काढली, काम पूर्ण झाल्याचा कागद उघडला आणि बोट ठेवलं. वैशालीनं मोठ्यानं वाचलं. "प्रत्यक्ष काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसोबत फिरून पाहणी व चर्चा: होय. पूर्ण." खाली माझी सही. पेढ्यांच्या दिवशी मी पाच-सहा पानांवर न वाचता केलेल्या सह्यांतली एक.

"कुनाशी चर्चा?" वैशालीनं विचारलं.

"मॅडम, तो आमचा फॉरमॅट आहे. सगळ्या क्लायंटना तोच जातो."

"म्हणजे 'होय' आधीच छापलेलं असतं?" मी विचारलं.

"सर, सही तुमची आहे," ते म्हणाले. अगदी गोड आवाजात.

मी तिथं काय बोललो ते राहू द्या. शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली होती एवढं सांगतो.

परतताना जेजुरी आली. वैशालीनं पर्समधून एक जुना कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. कंपनीनं अगदी पहिल्यांदा दिलेलं भावाचं पान. ती काही टाकून देत नाही. त्यात एक ओळ होती, "तीन दिवस फिटरांसोबत प्रत्यक्ष फिरून कामाची पद्धत समजून घेणे." त्या ओळीवर आडवी रेघ. पेन्सिलीची.

"पेन्सिल तुमचीच हाय आण्णा," ती म्हणाली.

त्या तीन दिवसांत त्यांचा माणूस तात्यांच्या मागं एकदा नदीवर गेला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. ते तीन दिवस मी कापले. दुसऱ्या चहाची वाट बघत बसवून, भाव उतरवण्यासाठी कापले, आणि जिंकलो म्हणून जेवलो. त्या दिवशी मी वाचवलं किती आणि घालवलं किती याची बेरीज मी केलेली नाही, करणारही नाही.

पुढं बदल झाले. पैसे मोजूनच झाले. आता प्रत्येक शेतकऱ्याच्या दोन जागा आहेत, रानांची नावं आहेत, हिरवं करणारं बोट शेतकऱ्याचं आहे. फिटर आता फोनला शिव्या देत नाहीत. त्यात आपलं काही आहे असं त्यांना वाटतं, हे मी बघतो. तात्या आठवड्यातून चार दिवस येतात, पण फोन घेत नाहीत. दत्ता त्यांच्याबरोबर फिरतो आणि ते दाखवतील तिथं लाइनीची खूण फोनमध्ये टाकतो. निरवांगीच्या शिवारातल्या बऱ्याच लाइनी आता नकाशावर आल्या आहेत. माझ्याशी ते कामाचं बोलतात. पूर्वी दुकान बंद करताना माझ्याबरोबर पायरीवर बसून तंबाखू मळायचे, ते बसत नाहीत. मीही बसा म्हणत नाही. कुठल्या तोंडानं म्हणू. काकूंची त्या बहाराची निम्मी फळं गेली ती गेलीच. त्या आता नळी समोरच्या दुकानातून घेतात आणि दुरुस्तीला मात्र तात्यांनाच बोलावतात.

माझ्या वाट्याचं उत्तर मी दिलंय. नऊ माणसांसमोर आणि आता या पानावर. तीन दिवस मी कापले, हे मी कुणाच्या गळ्यात घालत नाही. पण 'होय' मी लिहिलं नव्हतं. कापलेलं काम कापलं म्हणून लिहायचं असतं. कुणाशी न बोलताच बोललो असं आधी छापून ठेवायचं, आणि उद्या कुणा कामगारावर खोटेपणाचा शिक्का बसला की मालकाच्या सहीकडं बोट दाखवायचं, हा कुठला धंदा? माझ्यासारख्या किती दुकानांत तो कागद गेला असेल, आणि कुठं कुठं कोण किल्ली काउंटरवर ठेवून चालत गेला असेल?

तो 'होय' ज्या माणसानं पहिल्यांदा छापला त्यानं निरवांगीला यावं. तात्यांच्या अंगणात बसावं आणि त्यांच्याकडं बघून सांगावं, ही चर्चा कुठल्या दिवशी झाली, नदीवर झाली का रानात, आणि तात्या त्यात काय म्हणाले. मी तिथं असेन. चहा पहिल्यांदा सांगितला की लगेच येईल. उत्तर मिळाल्याशिवाय मात्र कुणी उठायचं नाही.